जालना रोड तुंबतो, कारण आपल्या गल्ल्या एकमेकींना भेटत नाहीत

२०२५च्या जूनमध्ये छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीत रस्त्याकडेच्या बांधकामांची पाडापाडी सुरू झाली आणि बघता बघता ती बीड बायपास, पैठण रोड, पडेगाव-मिटमिट्यापर्यंत पोचली. कुणाचं हॉटेल गेलं, कुणाचं गॅरेज, कुणाच्या घराची पुढची खोली. तेव्हापासून शहरात चहाच्या कुठल्याही टपरीवर दोन बाजू ऐकू येतात. एक म्हणते, रस्ते रुंद व्हायलाच पाहिजेत, किती दिवस अडकून राहायचं? दुसरी म्हणते, आधी मोबदला द्या, मग जेसीबी आणा. मोबदल्याचा प्रश्न खराच आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय. इथं बोलायचंय ते पहिल्या बाजूनं गृहीत धरलेल्या गोष्टीबद्दल. रस्ता रुंद झाला की कोंडी सुटते का?

थोडी सुटते, थोडे दिवस. जालना रोडवर, म्हणजे शहरातून आरपार जाणाऱ्या मुख्य रस्त्यावर, जी गर्दी दिसते तिच्यातला मोठा हिस्सा तिथं येतो तो नाइलाजानं. त्या लोकांना जालना रोडवर काही काम नसतं. त्यांना एका वसाहतीतून शेजारच्या वसाहतीत जायचं असतं, आणि आतून वाट नसते.

रस्त्यांची जोडणी म्हणजे नेमकं काय?

नगररचनेत रस्त्यांच्या जोडणीचा विचार करतात तेव्हा प्रश्न साधा असतो: इथून तिथं जायला वाटा किती, आणि वळसा किती पडतो? ती मोजायला मुख्यतः तीन गोष्टी बघतात. रस्ते जिथं मिळतात तिथं किती मिळतात (चार मिळाले तर चौक, तीन मिळाले तर टी पॉइंट). गल्ल्यांपैकी किती गल्ल्या पुढं बंद आहेत. आणि सरळ रेषेतल्या अंतराच्या किती पट अंतर प्रत्यक्षात कापावं लागतं.

यूएन-हॅबिटॅट या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेनं चांगल्या वस्तीसाठी एक ढोबळ माप दिलंय. जमिनीपैकी किमान ३० टक्के जागा रस्त्यांना, आणि दर चौरस किलोमीटरला किमान १८ किलोमीटर रस्ते. ऐकायला हे फार वाटतं. पण कागदावर एक किलोमीटर बाय एक किलोमीटरचा चौकोन काढा आणि दर शंभर मीटरला उभी-आडवी रेघ मारा. वीस किलोमीटर रस्ते होतात आणि शंभर चौक. बार्सिलोना शहराचा १८५९च्या आराखड्यावर वाढलेला भाग जवळपास असाच आहे. तिथं एका चौकापासून दुसरा चौक सुमारे १३३ मीटरवर येतो.

आता आपल्याकडं या. पाणी वाहून नेणाऱ्या जायकवाडीच्या कालव्याची रचना मराठवाड्यात कुणाला सांगावी लागत नाही. मुख्य कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून शेत. शेजारशेजारच्या दोन चाऱ्या टोकाला एकमेकींना जोडलेल्या नसतात, आणि त्यानं काही बिघडतही नाही, कारण पाण्याला एकाच दिशेनं जायचं असतं. आपण वसाहतींचे रस्ते बरोब्बर असेच केले. पण माणूस सकाळी जातो, संध्याकाळी परत येतो, मध्येच शेजारच्या चारीवर दळण टाकायला जातो, पोराला क्लासला सोडतो, देवळात जातो. यातल्या प्रत्येक खेपेला त्याला आधी मुख्य कालव्यावर यावं लागतं.

बांधावर थांबलेला रस्ता

हे झालं कसं, ते सातबाऱ्यावरून कळतं. शहराकडेच्या शेताच्या पिढ्यान्पिढ्या वाटण्या होत गेल्या की त्याच्या लांबट पट्ट्या होतात. तोंड रस्त्याकडं, पाठ धुऱ्याकडं, म्हणजे बांधाकडं. एखादा गट, म्हणजे सातबाऱ्यावरचा जमिनीचा तुकडा, प्लॉटिंगला निघतो तेव्हा मधोमध एक रस्ता काढतात, दोन्हीकडं वीस बाय तीसचे प्लॉट पाडतात आणि रस्ता जिथं जमीन संपते तिथं थांबतो. पुढं दुसऱ्याचा बांध. चार वर्षांनी शेजारचा गट निघतो. त्याचाही रस्ता पुढून येतो आणि त्याच बांधाजवळ थांबतो. ज्याला आधी विकायचं होतं त्यानं शेजाऱ्यासाठी तोंड ठेवलेलं नसतं, आणि नंतरचा कशाला ठेवेल? त्या जागी एक प्लॉट बसतो. प्लॉट म्हणजे पैसा.

हिशेब मांडून बघा. समजा दोन्ही गट तीनशे मीटर खोल आहेत आणि त्यांचे मधले रस्ते एकमेकांपासून साठ मीटरवर आहेत. शेवटच्या घरातल्या बाईला पलीकडच्या शेवटच्या घरात जायचंय. गच्चीवरून हाक मारली तर ऐकू जाईल एवढं अंतर. रस्त्यानं मात्र तीनशे मीटर बाहेर, साठ मीटर मुख्य रस्त्यावरून, तीनशे मीटर आत. साडेसहाशे मीटरच्या वर. चालत कोण जाणार? स्कूटी काढली जाते, आणि मुख्य रस्त्यावर एक वाहन वाढतं.

खरी गंमत परतताना आहे. जाताना डावीकडं वळून, पुन्हा डावीकडं आत शिरलं की झालं. येताना मात्र उजवीकडं जायचंय आणि मध्ये दुभाजक आहे. नियमानं जायचं तर डावीकडं वळून पुढच्या पंक्चरपर्यंत (दुभाजकातल्या मोकळ्या जागेपर्यंत) जा, यू-टर्न घ्या, आपल्या वसाहतीसमोरून पलीकडच्या बाजूनं पुढं जा, पुन्हा यू-टर्न घ्या आणि मागं या. साठ मीटरसाठी एक-दीड किलोमीटर. म्हणून लोक राँग साइड येतात. बीड बायपासवर राँग साइड येणाऱ्यांना आपण बेशिस्त म्हणून मोकळे होतो. बेशिस्त आहेच, जीवघेणी आहे. पण तिच्यातला बराच भाग नकाशानं शिकवलेला आहे, आणि नुसत्या पावत्या फाडून तो जाणार नाही.

देवळाईकडच्या एका लेआउटच्या मागच्या भिंतीला मी एक खिंडार बघितलंय. विटांच्या भिंतीत माणूस तिरका होऊन जाईल एवढी फट. अलीकडच्या बाजूला जमीन खाली आहे म्हणून कुणीतरी दोन शहाबादी फरश्या एकावर एक ठेवून पायरी केलेली. फटीच्या दोन्ही कडा हाताखांद्यांनी घासून गुळगुळीत झाल्यात. दूधवाला मोटारसायकल अलीकडं स्टँडवर लावतो आणि कॅन घेऊन पलीकडं जातो. पलीकडच्या सोसायटीनं ती फट एकदा बुजवली होती, सिमेंटचा रंग वेगळा दिसतो. ती पुन्हा फोडली गेली. शहरात रस्ता कुठं पाहिजे होता हे सांगणारी इतकी नेमकी खूण महापालिकेच्या कुठल्या सर्व्हेतही मिळणार नाही.

जुन्या शहरात तर गल्ल्या अरुंद, मग ते कसं चाललं?

मलिक अंबरनं १६१०च्या सुमारास खडकी वसवली, त्या गावाचं पुढं औरंगाबाद झालं. गुलमंडी, सिटी चौक, शहागंज, औरंगपुरा इथल्या गल्ल्या वाकड्या आहेत, अरुंद आहेत, काही बोळ बंदही आहेत. पण बहुतेक गल्ल्या कुठं ना कुठं निघतात. एका गल्लीत मांडव पडला तर रिक्षावाला बिनतक्रार दुसरीतून काढतो. तिथं गर्दी आहे ती बाजारपेठेमुळं आणि पार्किंगमुळं.

सिडकोनं १९७०च्या दशकापासून एन-वन, एन-टू असे सेक्टर पाडून जो भाग वसवला, तिथं सगळी जमीन आधी एका हातात होती. त्यामुळं रस्ते आधी आखले गेले आणि घरं नंतर आली. सिडकोतल्या कॅनॉटच्या आसपास राहणारा माणूस रोजची बरीच कामं जालना रोडला पाय न लावता करतो.

तिसरा भाग त्यानंतरचा, आणि तोच आता सगळ्यात मोठा होत चाललाय. १९८१च्या जनगणनेत हे शहर तीन लाखांच्या आसपास होतं. २०११ मध्ये पावणेबारा लाख. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा अशा औद्योगिक वसाहतींनी माणसं आणली, आणि ती राहायला गेली ती जिथं स्वस्त प्लॉट मिळाला तिथं: बॉण्ड पेपरवर, गुंठ्यानं. या गुंठेवारीला, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं विकलेल्या वस्त्यांना, आपण उठसूट शिव्या देतो. पण पुंडलिकनगर, जयभवानीनगरच्या बाजूला फिरून बघा. गल्ल्या चिंचोळ्या आहेत, पण कंपाउंड वॉल नाहीत, त्यामुळं बऱ्याच ठिकाणी माणूस आतल्या आत निघतो. उलट बायपासपलीकडं, रीतसर एनए (बिगरशेती) करून, कमानदार गेट लावून, आत सिमेंटचे गुळगुळीत रस्ते केलेल्या काही महागड्या लेआउटमध्ये गेटाशिवाय दुसरी वाट नाही. कायदेशीर असणं आणि जोडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मंजुरीच्या टेबलावर पहिलीच तपासली जाते असा माझा अनुभव आहे.

हे फक्त संभाजीनगरचं नाही. लातूरला रिंग रोडच्या बाहेर, नांदेडला तरोड्याच्या पुढं हाच खेळ चालू आहे, फक्त आकडे लहान आहेत. तिथं अजून वेळ आहे, एवढाच फरक.

जगात काय दिसलं?

ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी २०२० मध्ये जगभरच्या रस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुणालाही वापरता येणारा ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा आणि कुठला भाग कधी बांधला गेला ते दाखवणारी उपग्रहाची माहिती एकत्र करून त्यांनी पाहिलं की जोडणी सुधारतेय की बिघडतेय. १९७५ नंतर जगाच्या बऱ्याच भागांत नवे रस्ते जास्त तुटक होत गेले, असं त्यांना आढळलं. अमेरिकेत मात्र गेल्या शतकभर बिघडत गेलेला प्रकार १९९०च्या दशकाच्या मध्यापासून सुधारायला लागला, हे त्यांनी आधीच्या, २०१५च्या अभ्यासात दाखवलं होतं. म्हणजे वळण बदलता येतं.

त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. रस्त्यांची जी ठेवण एकदा पडते ती टिकते, आणि पुढची वाढही तिच्याच वळणानं जाते. इमारत पन्नास-साठ वर्षांत पडते आणि नवी उभी राहते. रस्ता हलत नाही, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना शंभर मालक उभे असतात. गुलमंडीची आखणी चारशे वर्षांपूर्वीच्या वस्तीला धरून आहे. आज सातारा-देवळाईत धुऱ्यावर थांबलेली गल्लीही तशीच टिकणार.

पण रस्ता रुंद केला तर फायदा होणारच ना?

जिथून शहराबाहेरची वाहनं जातात तिथं रुंदी लागते, यात वाद नाही. जालना रोडवरून नगर नाक्याकडं जाणारा ट्रक गल्लीतून जाणार नाही. पण शहरातल्या रस्त्याची क्षमता ठरते ती सिग्नलवर, दोन सिग्नलमधल्या मोकळ्या पट्ट्यात नाही. सगळ्या वसाहती जर एकाच रस्त्यावर ओतल्या जात असतील तर वळणारी वाहनं, यू-टर्न आणि रिक्षा त्याच चार-पाच चौकांत जमणार. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल, सिडको बसस्टँड, सगळीकडं उड्डाणपूल झाले. पुलावरून सरळ जाणारा सुटला. पुलाखाली वळणारा तिथंच आहे.

शिवाय रस्ता जितका रुंद तितका तो ओलांडणं अवघड. साठ मीटर रुंद रस्ता म्हणजे जवळजवळ दोनशे फूट. आजीबाईला तेवढं अंतर कापायला मिनिटाच्या वर लागेल. सिग्नल तिच्यासाठी एवढा वेळ थांबवला तर वाहनं तुंबणार, नाही थांबवला तर ती दुभाजकावर अडकणार.

आमच्या गल्लीतून अख्खं गाव जाईल, त्याचं काय?

ही हरकत सगळ्यात जोरात येते, आणि ती खोटी नाही. दोन वसाहतींमधली एकच भिंत पाडली तर सगळी वाहनं त्या एकाच फटीतून घुसतील, त्या गल्लीतल्या लोकांचं जिणं मुश्किल होईल आणि पंधरा दिवसांत भिंत परत उभी राहील. पहिली जोडणी त्रास देते ती एकटी असते म्हणून. दहा ठिकाणी जोडलं तर प्रत्येकीच्या वाट्याला थोडं-थोडं येतं. म्हणून हे काम एका नगरसेवकाच्या पत्रावर एका ठिकाणी करून भागत नाही. अख्ख्या भागाचं एकदम ठरवावं लागतं.

चोऱ्यांची भीतीही लोक बोलून दाखवतात. बंद गल्लीत घरफोडी कमी होते असं काही अभ्यासांत आढळलंय, ते नाकारू नये. पोरं बंद गल्लीत क्रिकेट बिनघोर खेळतात, हेही खरंच. यावर मधला मार्ग आहे: चारचाकीला अडवणारे खांब लावायचे आणि पायी, सायकलला वाट मोकळी ठेवायची. डेन्मार्क, जर्मनीत अशा वाटा सर्रास दिसतात. देवळाईच्या त्या फटीला नीट पायऱ्या, उतार आणि एक दिवा दिला तर जवळपास तेच होईल.

बंद गल्लीचे आपल्याकडचे तोटेही मोजा. घंटागाडी आत जाते आणि रिव्हर्स घेत बाहेर येते. पाण्याचा टँकर तर रिव्हर्सच आत शिरतो, मागं एक पोरगं "येऊ द्या, येऊ द्या" ओरडत. आग लागली तर बंबाला दुसरी बाजू नाही. पाइपलाइनही रस्त्याखालून जाते. गल्ली बंद तर पाइपही बंद, आणि शेवटच्या घराला दाब कमी. दोन्हीकडून जोडलेल्या लाइनला एका बाजूनं बिघाड झाला तरी दुसरीकडून पाणी देता येतं.

डीपी आहे ना त्यासाठी?

डीपी, म्हणजे विकास आराखडा, १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली होतो. त्यात मोठे रस्ते दाखवलेले असतात. आतल्या नऊ-बारा मीटरच्या रस्त्यांचं जाळं बहुतेक वेळा लेआउट टाकणाऱ्यावर सोडलं जातं. आणि प्रत्येक लेआउट स्वतंत्र फायलीत, आपल्या गटापुरता तपासला जातो. दोन फायली एकमेकींशेजारी ठेवून बघण्याची सक्ती कुणावर दिसत नाही.

मोठ्या डीपी रोडचंही तेच. आराखड्यात रेघ मारली, पण जमीन घेतली नाही. दहा वर्षं उलटल्यावर मालक कलम १२७ची नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत संपादन झालं नाही तर आरक्षण सुटतं. दरम्यान रेघेवर घरं उभी राहतात. मग जेसीबी.

त्यात भर गुंठेवारीच्या निर्णयांची. २००१च्या गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१ मध्ये पुढं नेऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली. २०२५ मध्ये जमिनीचे लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यात शहरी भागांसाठी एका गुंठ्यापर्यंतच्या तुकड्यांना सूट देण्याचा निर्णय सरकारनं जाहीर केला. कष्टाच्या पैशातून हजार फूट जागा घेतलेल्या माणसाला दिलासा मिळायलाच हवा. फक्त प्लॉटला कागद मिळतो तेव्हा प्लॉटसमोरच्या तुटलेल्या गल्लीलाही कायमचा कागद मिळतो. गुंठेवारीच्या फाइली गल्लीगणिक एकत्र घेऊन, कुठं जोडता येईल ते आधी बघून मग मंजूर केल्या असत्या, तर काम तेवढंच झालं असतं.

मग उपाय काय?

कोऱ्या जमिनीसाठी उपाय जुना आहे. नगररचना योजना, लोकांच्या तोंडी टीपी स्कीम. मुंबई इलाख्यात तिचा कायदा १९१५ सालचा. पन्नास-शंभर शेतकऱ्यांची जमीन एकत्र धरायची, बांध विसरून रस्ते, बाग, शाळा आखायच्या आणि प्रत्येकाला त्याच्या मूळ जमिनीपेक्षा लहान, पण चौकोनी आणि रस्त्याला लागून असलेला प्लॉट परत द्यायचा. क्षेत्र घटतं, भाव वाढतो. अहमदाबाद याच पद्धतीनं वाढलं. पनवेलजवळ नैना भागात सिडको तेच करतेय. शेंद्रा-बिडकीनला ऑरिक या औद्योगिक नगरासाठी जमीन संपादन करून रस्ते आधी केले गेले. पण ऑरिक आणि शहर यांच्यामधल्या शेतांना कुणी एकत्र धरलेलं नाही, आणि तिथंच सध्या प्लॉटिंगच्या जाहिराती लागल्यात.

शेतकरी तयार होईल का? बांधावरून भाऊ भाऊ कोर्टात जातात त्या भागात हा प्रश्न रास्त आहे. घाई करून, मीटिंग न घेता योजना लादली तर ती बारगळणार. पण एकट्यानं प्लॉटिंग केलं तरी रस्ते आणि ओपन स्पेसमध्ये बरीच जमीन जातेच. सगळ्यांनी मिळून दिली तर निदान रस्ता कुठंतरी पोचतो.

वसलेल्या भागात हात आखडते घ्यावे लागतात. ओपन स्पेसच्या कडेनं, नाल्याच्या काठानं, अजून न विकलेल्या कोपऱ्याच्या प्लॉटमधून पायवाटा काढता येतील. खाम आणि सुखना नद्या, रेल्वेलाइन, छावणी, विमानतळ या अडथळ्यांमुळं शहराचे तुकडे पडलेत, तिथं एकेक पूल किंवा भुयारी मार्ग दहा रुंदीकरणांइतका उपयोगी पडेल. शिवाजीनगरच्या रेल्वे फाटकावर ज्यानं रोज अर्धा-अर्धा तास काढलाय त्याला हे पटवावं लागत नाही.

प्लॉट घ्यायला जाल तेव्हा एजंट कमान दाखवेल, गार्डन दाखवेल. तुम्ही मंजूर लेआउटचा नकाशा मागा आणि आतला रस्ता हद्दीपर्यंत जातो की हद्दीआधी एका प्लॉटवर संपतो ते बघा. मग शेजारच्या गटात चालत जा.

आणि डीपी जाहीर झाला की हरकती-सूचनांसाठी महिनाभर मिळतो. त्या काळात नगररचना विभागात रांग लागते ती "आमच्या प्लॉटवरचं आरक्षण उठवा" म्हणणाऱ्यांची. तुम्ही गल्ल्या जोडायची सूचना द्या. अर्जाला तुमच्या आणि शेजारच्या गटाचे नंबर, दोन्ही बाजूंच्या तुटलेल्या गल्ल्यांचे फोटो आणि मोबाइलवरच्या नकाशाची प्रिंट जोडा. लाल पेनानं दोन गल्ल्यांमधलं अंतर दाखवा. पोच घ्यायला विसरू नका, आणि सुनावणीला पलीकडच्या वसाहतीतल्या माणसांनाही घेऊन जा.